जानेवारीचे वकीलपत्र

फौजदारी खटल्यात आरोपीला आपल्या पसंतीचा वकील नेमण्याची मुभा असते, हे सर्वश्रुत आहे. परंतु आरोपीने न नेमता, त्याची फी न घेता, त्याची तोंडओळखही नसताना, किंबहुना आपल्यावर कोणी फिर्याद गुदरली आहे याची आरोपीला गंधवार्ता नसताना, जो मनुष्य आपण होऊन त्याचे वकीलपत्र दाखल करतो, आणि शेजारी, सोयरे, न्हावी, वाण्याच्या दुकानातला गल्लेवाला अशा मिळेल त्या न्यायाधीशापुढे उभा राहून वर्षानुवर्षे त्याची बाजू लढवीत राहतो, त्याची तरतूद कोणत्याही कायद्यात केलेली आढळत नाही. हे काम खेळाडूंचे चाहते करतात. जो खेळाडू सदैव जिंकतो त्याच्या चाहत्याला वकिली अशी करावीच लागत नाही, आणि जो सदैव हरतो त्याच्या चाहत्याला अशिलाचा गुन्हा कबूल करून शिक्षेत सूट मागण्यापलीकडे कर्तव्य उरत नाही. वकिलीचा खरा कस लागतो तो, जो खेळाडू सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दिग्विजय करीत सुटतो आणि जानेवारीत, ऐन मोक्याच्या सामन्यात, हात हलवीत घरी परततो, त्याची बाजू मांडताना.

असे वकील पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र विखुरलेले असले, तरी त्यांचे संपूर्ण मंडळ एके ठिकाणी भरलेले पाहावयाचे असेल तर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहरात जावे. सरोवरावरून येणारे वारे हिवाळ्यात या शहरावर बर्फाचे ढीगच्या ढीग आणून ओततात. आणि असे असूनही, फावडी घेऊन या, क्रीडांगणातील आसने मोकळी करा, तासाला वीस डॉलर देऊ, असा पुकारा व्यवस्थापकांनी केला, जसा तो जानेवारी २०२४ मध्ये केला होता, तर येथील नागरिक लग्नाला निघावे तशा उत्साहाने निघतात. कोंबडीचे पंख तळून तिखट रसात घोळवण्याची कला १९६४ साली येथील अँकर बारमध्ये जन्माला आली, असे सांगतात. आणि सामन्यापूर्वी मोटारतळावर घडीच्या मेजांवर उड्या टाकून ती मोडण्याची कलाही याच शहराने नावारूपाला आणली. लेक आणि जावई या शहराच्या एका उपनगरात राहत असल्यामुळे माझे हिवाळ्यातील वास्तव्य अधूनमधून तेथे घडते, आणि शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या शेजारच्या सद्गृहस्थांच्या तळघरात, भिंतभर पसरलेल्या दूरचित्रवाणीसमोर बसून, मला हा खटला साद्यंत ऐकावयास मिळतो. त्यांचा उल्लेख यापुढे मी वकीलसाहेब असाच करीन.

अशिलाचे नाव जॉश ॲलन. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतीवर जगणाऱ्या गावातला हा शेतकऱ्याचा मुलगा शाळेतून बाहेर पडला तेव्हा मोठ्या विद्यापीठांपैकी एकानेही त्याला आपल्या संघात जागा देऊ केली नाही. रीडली येथील लहानशा कॉलेजातून तो वायोमिंग विद्यापीठात गेला, आणि तेथून २०१८ साली बफेलो बिल्स संघाने त्याला देशभरातील होतकरू खेळाडूंच्या निवडीत सातव्या क्रमांकावर उचलले. उंची सहा फूट पाच इंच. पदार्पणाच्याच वर्षी मिनेसोटाचा एक बचावपटू वाटेत आला असता त्याला वळसा घालण्याचा व्याप न करता हा गृहस्थ त्याच्यावरून उडी मारून पुढे गेला. २०२४ च्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताबही त्याला मिळाला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची आजी वारली, तेव्हा त्याच्या अंगरख्याचा क्रमांक १७ म्हणून, बफेलोच्या लोकांनी मुलांच्या इस्पितळाला सतरा-सतरा डॉलर पाठविण्यास आरंभ केला आणि ती रक्कम दहा लाख डॉलरांच्या वर गेली. अशिलाच्या घरचे सुतक ज्या वकिलांनी स्वतःच्या घरी पाळले, त्यांच्याकडून निःपक्षपाती युक्तिवादाची अपेक्षा करणे हीच मुळी गैरवाजवी गोष्ट होय.

आता वादाचा मुद्दा. अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या पटावर ५३ नावे असतात. मैदानावर एका वेळी ११ उतरतात. चढाई करणारे अकरा निराळे, प्रतिपक्षाची चढाई थोपविणारे अकरा निराळे, आणि चेंडूला लाथ मारून तो दोन खांबांमधून घालवून तीन गुण मिळविणारा गृहस्थ तर सर्वांहून निराळा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा, हा या खेळाचा मूळ करार. क्वार्टरबॅक हा चढाईचा सेनापती. प्रत्येक डावाला चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा, कोणाकडे सोपवायचा, की स्वतःच घेऊन धावायचे, हे त्याने निमिषार्धात ठरवायचे असते. परंतु चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की हाच सेनापती अंगावर जाड डगला ओढून बाकावर जाऊन बसतो, आणि आपल्या राज्याचे पुढे काय होणार हे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाइतक्याच असहायतेने पाहत राहतो. असे असूनही या खेळाच्या दप्तरात जय आणि पराजय यांची खतावणी संघाच्या नावावर होते तशीच क्वार्टरबॅकच्या नावावरही स्वतंत्रपणे होते. लाथ मारणाऱ्याच्या नावावर होत नाही, प्रशिक्षकाने दिलेल्या चुकीच्या हुकमाची होत नाही, आणि वाऱ्याची तर नाहीच नाही. ही हिशेबाची पद्धत अन्यायमूलक असून ती तत्काळ बंद करावी, असे वकीलसाहेबांचे ठाम मत आहे, आणि ते त्यांनी प्रत्येक जानेवारीत हिरीरीने मांडलेले आहे. ऑक्टोबरात, अशिलाच्या खात्यावरील जयांची बेरीज वाचून दाखविताना, त्यांना या पद्धतीत दोष दिसल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

फिर्यादी पक्षाचे काम साहेबांचे मेहुणे पाहतात. हे बोस्टनकडचे, म्हणजे ज्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीत सहा वेळा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला, त्या संघाचे वंशपरंपरागत भक्त. त्यांचा संपूर्ण युक्तिवाद दोन अंकांत मावतो: आमच्याकडे सहा, तुमच्याकडे शून्य. हे दोन अंक उच्चारून ते पंखांच्या ताटाकडे वळतात, आणि पुढील दोन तास, आरोपपत्रातील कलमे एकामागून एक खोडून काढण्याचा सर्व भार वकीलसाहेबांच्या एकट्याच्या शिरावर पडतो.

पहिले कलम जानेवारी २०२० चे. ह्यूस्टनच्या मैदानावर बिल्स १६-० असे पुढे असताना अखेर जादा वेळात २२-१९ असे हरले. सोळा गुणांची आघाडी ज्याच्या राज्यात बुडाली त्याला सेनापती कोण म्हणेल, असा फिर्यादीचा सवाल. साहेबांचा जबाब असा, की अशील त्या वेळी अवघ्या तेवीस वर्षांचा. जादा वेळात चढाई रंगात आली असता पंचांनी त्याच्या एका सहकाऱ्यावर बेकायदा धडकेचा ठपका ठेवून सबंध संघाला १५ यार्ड मागे रेटले. आणि मुख्य म्हणजे त्याच सामन्यात अशिलाने सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलून व गोलरेषेपार नेऊन एक टचडाउन केले, म्हणजे स्वतःचे काम सांभाळून वर दुसऱ्याचेही उरकले. दुसरे कलम जानेवारी २०२१ चे, कॅन्सस सिटीत ३८-२४ असा पराभव. येथे दोष प्रशिक्षकांचा. प्रतिपक्षाच्या वेशीपर्यंत पोहोचल्यावर शेवटचा प्रयत्न खेळून सात गुणांचा मोह धरण्याऐवजी त्यांनी लाथ मारणाऱ्याला पाचारण करून तीन-तीन गुणांवर समाधान मानले, आणि ज्या संघापुढे सातही अपुरे पडतात त्याच्यापुढे तिनांची मिरासदारी किती काळ चालणार होती?

तिसरे कलम, म्हणजे २३ जानेवारी २०२२ चे, हा या खटल्याचा प्राण होय, आणि त्याच्या सुनावणीसाठी साहेब मेजावरची ताटे बाजूला सारून जागा करतात. प्रथम पार्श्वभूमी म्हणून आदल्या आठवड्यातील सामन्याचा उतारा वाचला जातो: त्या दिवशी बिल्सच्या हाती सात वेळा चेंडू आला, सातही वेळा त्याचे टचडाउन झाले, आणि प्रतिपक्ष ४७-१७ असा धुळीस मिळाला. तो प्रतिपक्ष न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा होता, ही नोंद सावकाश आणि स्पष्ट उच्चारात वाचण्यात येते, आणि मेहुणे त्या वेळी ताटातल्या गाजरांची पाहणी करतात. त्यानंतर कॅन्सस सिटीचा सामना. शेवटच्या दोन मिनिटांत उभय संघांनी मिळून २५ गुण केले. त्यांपैकी बिल्सचे जे दोन टचडाउन, ते दोन्ही ॲलनने गेब्रिएल डेव्हिसकडे फेकलेल्या चेंडूंवर झाले. त्यातला पहिला तर चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात, तेरा यार्डांची गरज असताना सत्तावीस यार्ड फेकून. दुसरा झाला तेव्हा गुणफलकावर ३६-३३ अशी आघाडी होती आणि घड्याळात तेरा सेकंद उरले होते.

या तेरा सेकंदांचे विवरण करण्यास वकीलसाहेबांना साधारणतः पाऊण तास लागतो. प्रारंभीचा चेंडू आखूड मारून प्रतिपक्षाला तो उचलण्यात आणि धावण्यात चार-पाच सेकंद घालविण्यास भाग पाडावयाचे सोडून तो थेट सीमेपार मारण्यात आला, त्यामुळे घड्याळ जागचे हलले नाही. मग बचावपटू कोठे उभे होते हे दाखविण्यासाठी पंखांची चोखून टाकलेली हाडे मेजावर मांडली जातात, चीजच्या वाटीला गोलरेषेचा दर्जा प्राप्त होतो, आणि मधला सर्व प्रदेश मोकळा टाकून ही हाडे एवढ्या मागे कोणाच्या हुकमाने जाऊन उभी राहिली, असा प्रश्न भरसभेत विचारला जातो. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याने त्या मोकळ्या प्रदेशातून पहिल्या डावात १९ आणि दुसऱ्यात २५ यार्ड काढले, ४९ यार्डांवरून लाथेने बरोबरी झाली, आणि या संपूर्ण अवधीत अशील कोठे होता, तर बाकावर. डगला घालून. चार टचडाउन फेकलेला, एकही चेंडू शत्रूच्या हाती न दिलेला, निर्दोष. एखाद्याच्या घरावर दरोडा पडला असता घरधनी कचेरीत हजर होता हे हजेरीपटावरून सिद्ध झाले, तर दरोड्याचा ठपका घरधन्यावर ठेवता येत नाही, एवढे सांगून साहेब पाण्याचा घोट घेतात.

जादा वेळाची नाणेफेक झाली. ॲलनने काटा मागितला, छापा पडला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ज्याला प्रथम चेंडू मिळेल त्याने टचडाउन केले की सामना तेथेच समाप्त; कॅन्सस सिटीने ते केले, निकाल ४२-३६ लागला, आणि अशिलाला चेंडूचा स्पर्शही झाला नाही. काटा मागितला तो तुमच्याच माणसाने ना, असा मार्मिक प्रश्न येथे मेहुण्यांकडून येतो. त्यावर, नाण्याला दोनच बाजू असतात आणि दोहोंना संधी समसमान असते हे गणित बोस्टनच्या शाळांतही शिकवीत असावेत, असा खुलासा साहेब करतात आणि पुढचे कागदपत्र दाखल करतात. मार्च २०२२ मध्ये संघमालकांच्या सभेने नियम बदलला: बाद फेरीच्या जादा वेळात उभय संघांना निदान एकेकदा चेंडू मिळालाच पाहिजे. हीच सुधारणा खुद्द कॅन्सस सिटीने २०१९ साली सुचविली होती, कारण त्या वर्षीच्या जानेवारीत त्याच नाणेफेकीने ते स्वतः पोळले होते, आणि ती तेव्हा मंजूर झाली नव्हती. त्यांना पोळविणारा संघ कोणता, हे साहेब सांगत नाहीत. ते मेहुण्यांकडे पाहतात, आणि मेहुण्यांना गाजरांची आठवण होते. ज्याच्या पराभवाने कायद्याचे पुस्तक बदलावे लागले त्याला पराभूत म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा, परंतु त्याच न्यायाने कायद्याला निर्दोष म्हणता येणार नाही, असा या प्रकरणाचा समारोप होतो.

जानेवारी २०२३ मध्ये, स्वतःच्या मैदानावर, बर्फ पडत असता, सिनसिनाटीकडून २७-१० असा पराभव झाला. त्याच महिन्याच्या दोन तारखेला सिनसिनाटीच्या मैदानावर डामार हॅम्लिन या सहकाऱ्याचे हृदय सर्वांच्या डोळ्यांदेखत बंद पडले होते आणि वैद्यांच्या तत्परतेने तो वाचला होता. या कलमाची सुनावणी झाल्याचे मी कधी पाहिले नाही, कारण मेहुणे ते आपण होऊन मागे घेतात, आणि त्यांच्याविषयी माझे मत चांगले असण्याचे ते एक कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा कॅन्सस सिटी. पावणेदोन मिनिटे उरली असताना ४४ यार्डांवरून मारलेली लाथ उजव्या खांबाच्या बाहेरून गेली आणि सामना २७-२४ असा हातचा गेला. जानेवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीच, निकाल ३२-२९. चौथ्या प्रयत्नात एका यार्डासाठी ॲलन स्वतः माणसांच्या ढिगात घुसला, तो पोहोचला की नाही यावर पंचांनी नाही असा कौल दिला, आणि शेवटच्या चढाईत, अंगावर धावून येणाऱ्या शत्रूंना चुकवीत मागे पडता पडता त्याने फेकलेला चेंडू झेपावलेल्या सहकाऱ्याच्या हातांत ठरला नाही. त्या यार्डाच्या मोजणीसाठी साहेबांनी पडद्यावरील चित्र थांबवून तेथे शिवणकामाची फीत लावलेली मी स्वतः पाहिली आहे. मौजेची गोष्ट अशी की हाच कॅन्सस सिटीचा संघ बिल्सकडून ऑक्टोबर २०२१, ऑक्टोबर २०२२, डिसेंबर २०२३ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, नियमित हंगामात, ओळीने हरला होता. यावरून अशिलात कसलेच न्यून नसून दोष पंचांगाचा आहे, असे अनुमान साहेब काढतात. आणि बाद फेरीचे सामने जुलैत भरविण्यास त्यांची तत्त्वतः हरकत नाही.

दप्तरातील एक कागद मात्र वकीलसाहेब होता होईल तो बाहेर काढीत नाहीत. २०१७ सालच्या खेळाडूनिवडीत दहावा क्रमांक बफेलोच्या मालकीचा होता. तो त्या वेळच्या कारभाऱ्यांनी अन्य क्रमांकांच्या मोबदल्यात कॅन्सस सिटीला देऊन टाकला, आणि कॅन्सस सिटीने त्या क्रमांकावर महोम्सची निवड केली. ज्या तोफेने जानेवारीमागून जानेवारीत किल्ल्याची तटबंदी पाडली, ती किल्लेदारानेच दस्तऐवज करून शत्रूच्या हवाली केलेली होती. हा कागद अशिलाच्या बचावाला सर्वांत उपकारक आहे, कारण तो येण्यापूर्वीच त्याचा पराभव रीतसर नोंदला गेला होता असे यावरून ठरते. परंतु तो वाचताना साहेबांचा आवाज दाटतो, आणि कामकाज तहकूब करावे लागते.

एका तहकुबीत मी त्यांना पानिपताची हकीकत सांगितली. इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली. आमचा सेनापती सदाशिवरावभाऊ. उत्तरेत कुंजपुऱ्यापर्यंत विजय. मग एका निर्णायक दिवशी सर्वनाश. आणि तेव्हापासून आजतागायत मराठी मनुष्य भाऊंचे वकीलपत्र घेऊन उभा आहे. कोणी होळकरांवर ठपका ठेवतो, कोणी सूरजमल जाटाचा सल्ला आठवतो, कोणी यात्रेकरूंचे लटांबर, कोणी छावणीतली उपासमार, आणि विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर, या एका कलमावर तर आमच्याकडे रात्रीच्या रात्री गेल्या आहेत. वकीलसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो, दिवस मावळण्यापूर्वी मैदान सोडून प्रथम कोण गेले हा; आणि उत्तर मिळताच त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या ओळखीचे समाधान पसरले. मग त्यांनी तारीख विचारली. १४ जानेवारी १७६१, असे मी सांगितले. त्यांनी काही न बोलता आपल्या ताटातील शेवटचा पंख माझ्या ताटात ठेवला.

त्यांच्या वकिलीची कसोटी लागते ती मात्र अशिलांमध्येच हितविरोध उत्पन्न होतो तेव्हा. २७ जानेवारी १९९१ रोजी टँपा येथील सुपर बोलमध्ये बिल्स २०-१९ असे एका गुणाने हरले. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून मारलेली लाथ उजवीकडून बाहेर गेली. त्यानंतरचे तिन्ही सुपर बोल हा संघ ओळीने हरला, आणि क्वार्टरबॅक जिम केली हा चार अंतिम सामने गाठून चारही गमावणारा म्हणून गणला गेला. टँपाहून संघ परतला तेव्हा नायगारा चौकात हजारो लोक जमले होते आणि त्यांनी नॉरवुडच्याच नावाचा घोष करून त्याला पुढे बोलाविले. अशा शहरात नॉरवुडला दोष देणे म्हणजे ग्रामदेवतेला पाठ दाखविणे. म्हणून साहेब म्हणतात, ४७ यार्ड हे अंतरच हिरवळीवर फार होते, चेंडू आणखी जवळ आणावयास हवा होता. परंतु चेंडू तेथवर आणला केलीने. म्हणजे नॉरवुडला सोडवावे तर केली अडकतो आणि केलीला सोडवावे तर नॉरवुड. या पेचातून ते असे सुटतात की त्या दिवशी न्यूयॉर्क जायंट्सने साठांपैकी चाळीस मिनिटे चेंडू स्वतःकडे ठेवला होता, सबब उभय अशिलांना काम करण्यास वेळच मिळाला नाही, आणि दोघेही निर्दोष सुटावेत.

ही सारी सुनावणी ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वकीलसाहेबांना तेरा सेकंदांतील प्रत्येक हाडाची जागा ठाऊक आहे, जादा वेळाच्या नियमाची उत्पत्ती, स्थिती आणि लय ठाऊक आहे, चवेचाळीस यार्डांवरच्या लाथेला सरोवरावरचा वारा कोणत्या कोनात लागतो तेही ठाऊक आहे. आणि मेहुण्यांना सहा हा आकडा ठाऊक आहे. त्यांचे सहा विजय कसे मिळाले असे विचारले तर ते, ब्रेडी, असे एका शब्दात सांगतात, आणि खरोखर त्याहून अधिक सांगण्याची त्यांच्यावर कधी पाळीच आलेली नाही, कारण जिंकलेल्या माणसाकडे कैफियत मागावयास कोणी येत नाही. पराभवाची कारणे मात्र शोधावी लागतात, पारखावी लागतात, उलटतपासणीत टिकवावी लागतात; आणि अशा रीतीने एका क्वार्टरबॅकच्या काही जानेवाऱ्यांनी सबंध शहराला खेळाचे जे सखोल ज्ञान प्राप्त करून दिले, ते सहा चषकांनी बोस्टनला दिलेले नाही.

तथापि वकीलसाहेबांना विद्वत्तेपेक्षा चषक अधिक प्रिय आहे, आणि त्यासाठी त्यांनी वरिष्ठ न्यायालयाचा एक दाखला जपून ठेवला आहे. डेन्व्हरचा जॉन एल्वे तीन सुपर बोल हरला होता आणि मोठ्या सामन्यात त्याचे काही खरे नाही असे जाणते लोक म्हणत होते. जानेवारी १९९८ मध्ये तो चौथा जिंकला. त्या दिवशी त्याने फेकून मिळविलेले यार्ड १२३, टचडाउनच्या फेकी शून्य, आणि शत्रूच्या हाती दिलेला चेंडू एक. तीन टचडाउन धावून केले ते टेरेल डेव्हिसने, आणि सामन्याचा मानकरी ठरला तोही डेव्हिसच. परंतु संघमालकाने चषक उंचावून जाहीर केले की हा जॉनसाठी आहे, आणि त्या क्षणी एल्वेची मागील सर्व बाकी बेबाक झाली.

हा दाखला ऐकून मी साहेबांना विचारले, की समजा एखाद्या फेब्रुवारीत बिल्स अंतिम सामन्यात पोहोचले, शेवटचा सेकंद उरला असता बरोबरी आहे, लाथ मारणारा पुढे आला, चेंडू बरोबर दोन खांबांच्या मधून गेला, आणि चषक बफेलोला आला. तर विजय कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? क्षणाचाही विलंब न लावता ते म्हणाले, “ॲलनच्या. त्याला लाथ मारता येईल एवढ्या जवळ चेंडू आणून ठेवला कोणी?” फिर्यादी पक्षाकडून येथे आक्षेप येणार म्हणून मी मेहुण्यांकडे पाहिले, तर ते मान डोलावीत होते. तेव्हा मला आठवले की त्यांच्या सहांपैकी पहिला सुपर बोल, फेब्रुवारी २००२ मधला, ॲडम विनाटिएरीने शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून मारलेल्या लाथेने २०-१७ असा जिंकला गेला होता, म्हणजे नॉरवुडच्या लाथेहून तो चेंडू एक यार्ड अधिक दुरून मारलेला होता. आणि दुसराही त्याच गृहस्थाच्या लाथेवर, घड्याळात चार सेकंद उरले असता. ते दोन कोणी जिंकले, असे मी मेहुण्यांना विचारले. “ब्रेडीने,” ते म्हणाले, आणि असा प्रश्न पडावा याचे त्यांना मनापासून आश्चर्य वाटले. वकीलसाहेबांनी तत्काळ उठून, प्रस्तुत मुद्द्यावर फिर्यादी पक्षाशी बचाव पक्षाची पूर्ण सहमती असून ती दोघांवरही बंधनकारक राहील, असे माझ्या साक्षीने जाहीर केले; आणि लाथ चुकली तर ती लाथ मारणाऱ्याची व साधली तर क्वार्टरबॅकची, हे एकच कलम उभयपक्षी निर्विवाद असल्याचे नमूद होऊन त्या दिवसाचे कामकाज संपले.